विशेष बाब

नगररचनेत एकतीस वर्षं मी रेघा ओढल्या.
निळी, पंचविसांत एकदा येणाऱ्या पाण्याची.
लाल, शंभरात एकदा.
पांझरेला दोन्ही ठाऊक नव्हत्या.

निळ्या रेघेच्या आत बांधकाम नाही.
नियम एवढाच, दीड ओळीचा.
त्याखालची सगळी पानं
‘परंतु’ने सुरू होतात.

पहिला अर्ज बेदमुथांच्या लॉन्सचा.
‘भिंत नाहीच साहेब, नुसते खांब.
पाणी खालून जाईल, वरात वरून.’
बैठकीत चहा आला, खारी आली,
मग शेरा आला: विशेष बाब म्हणून.
त्या तीन शब्दांसाठी मी रेघ खोडली
आणि चिंचेला वळसा घालून पुन्हा आणली,
पंगतीत वाढपी आला की
कुणी पाय आवरून घ्यावेत, तशी.

दुसरा, सुपडाबाई मालचे.
तिला माळा हवा होता. पत्र्याखाली, सात बाय नऊ.
ज्वारीचं पोतं, नातवाचं दप्तर,
जमलं तर शेळी.
मोजणीला गेलो तेव्हा भिंतीवरच्या मळकट पट्ट्यावर
हात ठेवून म्हणाली,
‘पानी आठलोंग उनं व्हतं, भाऊ.
माले त्यानावर हातभर जागा जोयजे.’
शेरा: निळ्या रेषेत उंचीवाढ, अमान्य.
माळ्याने पाणी अडत नाही,
असं मी टिपणीत लिहिलं होतं.
टिपणी फाइलीत आहे अजून.
फाइल दुसऱ्या मजल्यावर. कोरडी.

तिसरा अर्ज कुणाचा,
हे सांगायला मला बारा वर्षं लागली.
घाटाजवळचा प्लॉट, बायकोच्या नावावर.
पट्टी माझी, पेन्सिल माझी,
कागदावर तीन मिलिमीटर,
जागेवर सहा मीटर.
तेवढ्यात एक ओटा बसतो, तुळस बसते,
आणि दुपारची झोप.
कुणी विचारलं नाही. विचारणारा मीच होतो.

ऑगस्टात अक्कलपाड्याची दारं उघडली.
लॉन्सच्या खांबांत आधी बाभळी अडकल्या,
बाभळींत गाद्या, गाद्यांत थर्माकोलची कमान,
‘शुभविवाह’ असं उलटं लिहिलेली.
मग पाणी वळलं.
माझ्या तिसऱ्या पायरीला येऊन थांबलं,
खरं सांगतो, ओळखीच्या माणसासारखं,
आणि पलीकडे गेलं.

शेळी गेली. ज्वारी फुगून दारात आली.
नातू खांद्यावर, दप्तर नातवाच्या डोक्यावर:
रात्रभर सुपडाबाई
स्वतःच माळा होऊन उभी होती.

आता तिच्या भिंतीवर दोन पट्टे आहेत.
वरचा मोजायला मी टेप घेऊन गेलो,
निवृत्त माणूस, हुकमाशिवाय.
खालचं टोक तिने पायाच्या अंगठ्याने दाबून धरलं.
एक मीटर एकोणतीस.
‘लिखी ल्या,’ म्हणाली.

खिसे चाचपले.
पेन्सिल होती.