तोंडपाठ

चौदा वर्षं मी त्याचं नाव लिहिलं,
त्यातली अकरा त्याची पाठ पाहिली.
धावफलकाच्या पोटात लाकडी जिना,
वर हातभर खिडकी, पोलाद कारखान्याचा धूर,
आणि खाली राइट फिल्डमध्ये सेगावा,
आमच्याकडे पाठ करून.
तो तरी काय करणार,
चेंडू समोरून यायचा.

सेगावा.
पहिलं अक्षर एकोणीस फटकाऱ्यांचं, उथळ पाण्याचा खळाळ.
दुसरं नदी. तीनच रेघा.
काळ्या फळीवर खडूची पूड सरसात कालवून.
त्सुकुदा उस्ताद सांगायचे,
शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला वाचता आलं पाहिजे,
पण इतकं पक्कं नको
की उद्या धुतल्यावर निघणार नाही.

नोतोच्या किनाऱ्यावरचा पोरगा,
घरी माकूळ वाळवायचे.
पाचव्या फेरीत निवडलेला, अंगावर अठ्ठावन्न नंबर.
तीन वर्षं तो दुसऱ्या संघात
आणि त्याची फळी माझ्याकडे, भिंतीला टेकलेली.
दर मार्चला मी नाव ताजं करायचो,
न वापरलेलं नावही पिवळं पडतं.

चौथ्या वर्षी, जूनमध्ये, आठव्या डावात बोलावणं आलं.
घाईत मी फळी उलटी टांगली.
सगळं स्टेडियम हसलं.
तो वळला नाही.
त्याला वाटलं असणार, आपल्यालाच हसतात.
(हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.)

मग तेच त्याचं काम ठरलं.
आघाडी असली की आठव्या डावात सेगावा, राखणीला.
त्याची फळी वर चढली
की गोदीतले हमाल शेवटची बिअर मागवायचे,
सामना खिशात आहे असं समजून.
सहाशे अकरा सामने.
होमरन चार,
त्यातला एक पावसाने रद्द झालेल्या सामन्यातला,
म्हणजे तीन.

पाठ मात्र मला तोंडपाठ.
डावा खांदा किंचित खाली.
प्रत्येक चेंडूआधी टाच दोनदा आपटायची.
ऑगस्टात सदऱ्यावर घामाचं बेट उगवायचं,
सातव्या नंबरच्या फ्लडलाइटखाली ते चमकायचं.
वडील गेले त्या आठवड्यात एक दिवस गावी जाऊन आला;
संध्याकाळी टाच आपटली नाही.
दुसऱ्या दिवशी आपटली.

चेहरा दिसायचा तो फक्त
चेंडू डोक्यावरून गेला तर.
म्हणून मी त्याचा चेहरा बघायची इच्छाच केली नाही.
एका सप्टेंबरात मात्र तो वळला आणि धावत सुटला, सरळ माझ्याकडे,
तोंड उघडं, टोपी उडालेली,
कुंपणावर एक पाय, हातमोजा आभाळात,
आणि चेंडू हातमोज्याच्या वर चार बोटं.
माझ्या खिडकीखाली पत्र्यावर ठण्ण वाजलं.
तो वर बघत होता. मीही बघत होतो.
मग मला खाली बसून
त्यांच्या चार धावा लावायच्या होत्या.

पुढच्याच्या पुढच्या ऑक्टोबरात त्याला
सूट घालून कचेरीत यायला सांगितलं.
सूट म्हटलं की कळतं.
परतताना तो जिना चढून माझ्याकडे आला, बूट हातात घेऊन.
मला वाटलं फळी मागेल, लोक मागतात.
ती मी सकाळीच धुतली होती,
नव्या पोराचं नाव अर्धं झालं होतं.
त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.
खिडकीशी ओणवा झाला.
"इथून मी कसा दिसायचो?"

खाली हिरवळीत एक टक्कल पडलं होतं,
जेवणाच्या ताटाएवढं,
टाचेने पाडलेलं.
मी बोट दाखवलं.
बराच वेळ बघून तो म्हणाला,
"दोन पावलं पुढे उभा राहायचो की मी."
आणि मान हलवत राहिला,
जणू अजून सरकता येईल.

नोव्हेंबरात माळ्याने तिथे नवीन गवत लावलं.