वोल

नववी ब. सहावा तास. डबे संपलेले,
खिडकीतून गंगावेशीकडचा म्हशींचा वास,
आणि फळ्यावर माझ्या अक्षरात
सातशे वर्षांपूर्वीची एक ओवी,
जिच्याकडे बघून पंचेचाळीस मुलं
एकदमच म्हातारी होतात.

तळटीप सांगते : वोल म्हणजे ओलावा.
मीही तेच सांगते. चोवीस वर्षं झाली सांगतेय.
शब्द वह्यांत उतरतो
आणि उतरताच वाळतो.

मागच्या बाकावरचा सुजल इंगवले,
डावा कान आत्ताच मोडायला लागलाय ज्याचा,
हात वर न करताच म्हणाला,
"बाई, ही आमच्या तालमीतली वल व्हय?
मातीला वल नसली की पाठ सोलती.
लई झाली की पाय निसटतोय."
वर्ग हसला.
मी खडू खाली ठेवला.

शनिवारी, अर्जावर 'क्षेत्रभेट' असं लिहून,
उत्तरेश्वर पेठेतल्या एका तालमीत नेली मी ओवी.
वस्ताद बोंद्रे यांनी मुलगे आत घेतले,
मग हात आडवा धरला :
"पोरींनी हितंच. तुमीबी, बाई. रीत हाय."
एरवी वादविवाद स्पर्धेची पोरं तयार करणारी मी,
तोंडातून निघालं नुसतं "बरं".
ते "बरं" अजून दातात अडकलंय.

तर उंबऱ्याबाहेर, चपलांच्या ढिगात, मी आणि वीस मुली.
आत लाल माती, तेल, ताक, हळद, लिंबू
पिऊन गार पडलेली.
मी बाहेरूनच ओरडले :
ओवीला साडेतीन पाय असतात रे!
तीन बैठका पुऱ्या मारा,
चौथी अर्ध्यात थांबवा. थांबवा म्हणजे थांबवा.
मांड्या थरथरू लागल्या.
"कळलं, शेवटचा चरण आखूड का?
उरलेला श्वास ऐकणाऱ्यानं घालायचा."
(हे मी कुठं वाचलेलं नाही.
तिथंच सुचलं. चूकही असेल.)

मग नाझिया मुल्लाणीनं वाचलं,
वर्गात जिचा आवाज पहिल्या बाकापाशीच संपतो, तिनं.
तीन चरण. मग अर्धा.
आत सगळे अर्धवट बसलेले, कुणी उठेना.
एक पंखा तेवढा करकरत होता.
वस्ताद म्हणाले, "पुन्यांदा म्हण की."
ती म्हणाली. या वेळी अर्ध्या चरणावर
जरा जास्तच थांबली, मुद्दाम, मला वाटतं.

वस्ताद वाकले, हौद्यातली मूठभर माती उचलली
आणि उंबऱ्यावर आणून ठेवली.
उंबरा त्यांनी ओलांडला नाही. आम्हालाही ओलांडू दिला नाही.
नाझियानं माती घेतली, आवळली, मूठ उघडली :
ढेकळावर चार बोटं,
पेरांच्या रेषांसकट.
मुलींनी ते ढेकूळ हातोहात फिरवलं.
शेवटी माझ्याकडे आलं तेव्हा ते कुणाचंच नव्हतं,
किंवा वीसजणींचं होतं.

पुढच्या धड्याला असलं काही सुचलं नाही.
जुनं गद्य, पानभर लांब वाक्यं.
सुजल चक्क घोरला. मी उठवलं नाही.
मुख्याध्यापकांनी विचारलं, क्षेत्रभेटीचं फलित काय?
मी लिहिलं, समाधानकारक.

सहामाहीच्या पेपरात : शब्दाचा अर्थ लिहा. वोल. गुण एक.
चव्वेचाळीस जणांनी लिहिलं, ओलावा.
सुजलनंसुद्धा.
नाझियानं लिहिलं :
मातीत असते. मुठीत धरली तर
कुणी धरली होती ते सांगते.

नमुना उत्तरात हे नाही.
एक गुण दिला. त्याहून जास्त देता येत नाही.
लाल पेन उचललं होतं शेरा लिहायला,
ते तसंच हवेत राहिलं,
अर्ध्या बैठकीत.