शून्याचं तिकीट

रविवारी निपाणीहून वडगावला आले
ते फक्त एक आकडा ठरवायला.
पिशवीत मामांच्या गोळ्या, नवं हातपुसणं
आणि वहीचं फाडलेलं पान :
अनगोळात झाडू-फरशी बाराशे,
टिळकवाडीत भांडी धरून दोन हजार,
संडास-बाथरूमचे वेगळे,
दिवाळीला एक पगार, कुणी देतं, कुणी विसरतं.
शेजारच्या होसमनी बाई कुंपणावरून म्हणाल्या,
"जास्त देऊन भाव बिघडवू नको गं,
आमच्याकडं पण तीच येती."

मामा खाटेवर बसून ऐकत होते.
एकतीस वर्षं कंडक्टर,
कधी "पुढं सरका", कधी "मुंदक होग्री"
म्हणून म्हणून घशात राहिलेली घरघर.
"आठशे रग्गड झाले," म्हणाले,
"आठशेत मी घर चालवलंय."
कुठल्या साली, ते सांगितलं नाही.
बोटं मात्र हलत होती,
मांडीवर नसलेल्या पिशवीतली
चिल्लर चाचपत.

कस्तुरव्वा सुळेभावीहून पहिल्या बसनं येते.
मी, लाज वाटली तरी, घड्याळ बघितलं.
फरशीला बावीस मिनिटं.
भांड्यांना नऊ; एकट्या माणसाची भांडी ती किती.
मग ती आतल्या खोलीत गेली
आणि दार ओढून घेतलं.
माझा हिशेब दाराबाहेर उभा राहिला.
आतून पाण्याचा आवाज,
तिचं कानडीतलं काहीतरी, लहान मुलाला सांगावं तसं,
मामांचा एकच शब्द, तोही अर्धा.

बाहेर आली ती बादली पदराआड धरून.
परसात दोरीवर एक चादर आधीच होती,
कालची असणार.
मामांकडं एकूण तीन चादरी आहेत
हे मला, त्यांच्या सख्ख्या भाचीला,
त्या दोरीनं सांगितलं.

नळापाशी जाऊन विचारलं, "रोज?"
ती पिळत राहिली.
पाणी आधी साबणाचं, मग नुसतं पाणी.
"बाई, हे त्या कागदावर लिवू नका," म्हणाली.
"अज्जाला वाचता येतंय."

पान मी कितीतरी वेळ हातात धरून होते.
झाडू, फरशी, भांडी : दोन हजार.
त्याखाली पाचशे लिहिले
आणि पाचशेच्या अलीकडची जागा कोरी.
"चादर" लिहिता येईना.
"मदत" लिहिलं, खोडलं.
"इतर" तर अगदीच कोडगं दिसलं.
शेवटी लिहिलं : बसभाडं.

कस्तुरव्वाला वाचून दाखवलं तर
ओल्या हातानं तोंड झाकून हसली.
"बस फुकट हाय की बाई आमाला!
आधार कार्ड दावलं की झालं.
ह्ये पाचशे कशाचे?"

मला उत्तर सुचलं नाही.
आतून, ड्यूटीवरच्या आवाजात, आलं :
"फुकट असली तरी तिकीट फाडायला लागतंय.
शून्याचं का असंना.
बिनतिकीट पॅसेंजर सापडला
तर मेमो कंडक्टरला मिळतोय, त्याला न्हाई."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं नाही.
म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं,
घड्याळ, नळ, कागदावरचं आणि कागदाबाहेरचं.
तिनं नोटा मोजल्या नाहीत,
कंबरेला खोचल्या, आणि जाता जाता
होसमनींच्या कुंपणाकडं डोळ्यांनी खूण केली :
तिकडं बोलू नका.

संध्याकाळच्या बसमध्ये मलाही
शून्याचं तिकीट मिळालं.
संकेश्वर मागं पडलं तरी मुठीत होतं,
घामानं शाई पुसट झालेली.
पाचशे कमी की जास्त, अजून ठरत नाही.
वहीच्या दुसऱ्या पानावर एवढंच लिहिलंय :
पुढच्या खेपेला चादरी, दोन, गडद रंगाच्या.