चाळीस सेंटिमीटर

विद्यार्थ्यांना ठाऊक नसलेला एक मजला
इमारतीच्या खाली आहे.
तिथे वाकूनच जावं लागतं.
टॉर्च फिरवला की दिसतात
पंगतीला बसल्यासारखे अठ्ठावन्न खांब,
प्रत्येकाखाली पाट:
रबर, पोलाद, रबर, पोलाद, थरावर थर.

वर रसायनशास्त्र, वाचनालय,
कुणाची तरी तोंडी परीक्षा.

मी दर मार्चमध्ये कॉन्सेप्सिऑनला येते. मोजते, लिहिते:
क्रमांक सतरा, फुगवटा दोन मिलिमीटर. चालेल.

भांडण होतं ते बाहेर, खंदकाशी.
इमारतीच्या चहूबाजूंनी चाळीस सेंटिमीटर मोकळे,
जमीन सरकली तर
भिंतीला न धडकता सरकावी म्हणून.
यंदा त्यात कुंड्या. लाल जिरेनियम, ओळीनं.
"रिकामंच तर होतं," रखवालदार एलेउतेरियो म्हणाला.

मी आकडेमोड सांगितली. त्यानं टोपी काढून ऐकली.
मग म्हणाला,
कोरोनेलला आमची भिंत आणि शेजाऱ्याची भिंत
यांच्यात बोट शिरत नव्हतं.
त्या फेब्रुवारीत, पहाटे,
दोघी एकमेकींवर आपटत राहिल्या.
बहीण त्या बाजूच्या खोलीत निजायची.

पुढे काही बोलला नाही. कुंड्या उचलू लागला,
एकेक, दोन्ही हातांनी,
पाणी भरलेलं भांडं न्यावं तशी.
मीही दोन उचलल्या. जड होत्या.

अहवालात रकाना असतो: खंदकाची स्थिती.
लिहिलं, रिकामा.
तळाशी एक पाकळी राहिली होती,
हात पोचत नव्हता.
चालेल.