पाच दाबा

व्हर्लीन मोटेलच्या चादरींच्या घड्या घालते,
फोन एप्रनच्या खिशात.
चुकला, तर उलट लावता येत नाही.

वाजतो. आधी टेपवरची बाई:
काउंटी जेलमधून कैद्याचा फोन आहे…
मग एवढीशी मोकळी जागा, नाव सांगायला.
तिथं रॉइस म्हणतो, "ममा, मीच."
पाच दाबा.

पोरीनं खडूनं काढलेला घोडा परत आलाय.
खडू चालत नाही. निळी शाई चालते.
आता घोडा निळा आहे, शेपूट राहिलीय.

खटल्याचं बोलायचं नाही, सगळं ऐकतात.
"माझा ट्रक सुरू होतो का गं?"

ती तशीच पार्किंगमध्ये जाते,
किल्ली फिरवते,
फोन बॉनेटवर ठेवते.
बराच वेळ कुणीच बोलत नाही.

एक मिनिट उरलं, बाई सांगते.
"खोकतोय," तो म्हणतो. "प्लग बदलून घे."