त्रैराशिक

कॅलेंडरच्या पानावर ती अठ्ठ्याण्णव मिलिमीटर लांब होती.
चाक सोळा मिलिमीटर.
खरं चाक केवढं, ते टायरवरच लिहिलेलं असतं.
मग सातवीच्या मुलांना शिकवते तेच मी केलं:
सोळाला सहाशे चाळीस, तर अठ्ठ्याण्णवला किती?
रघुवीर खडू घेऊन उभा.
मी आकडा सांगितला
आणि सोहारच्या भाड्याच्या अंगणात त्याने
तीन मीटर ब्याण्णवची रेघ ओढली,
धुण्याच्या दगडापासून
घरमालक खमीस यांच्या लिंबाच्या झाडापर्यंत.

ते पान त्याने जयसिंगपूरला
एका टायरवाल्याकडून मागून आणलेलं, अकराव्या वर्षी.
साल उलटलं होतं म्हणून मिळालं.
पुढे ते आयटीआयच्या ट्रंकेत राहिलं,
लग्नानंतर माझ्या साड्यांखाली.
मला वाटलेलं, पत्रिका असेल.

इंजिन आलं बुरैमीच्या रस्त्यावरून.
रात्री उंटाला धडकलेली सेडान.
माणूस वाचला, उंट नाही.
रेडिएटरच्या जाळीत केस अडकलेले, तांबूस, राठ.
मी चिमट्याने एकेक काढले
आणि का कोण जाणे,
लिंबाच्या बुडाशी पुरले.

इथे उन्हाळ्यात लोखंडाला दिवसा हात लावता येत नाही.
काम रात्री अकरा ते दोन.
रेझिन ब्रश बुडवेपर्यंत दगड व्हायचं,
हार्डनरचे थेंब मी मोजायचे, औषधासारखे,
मेमध्ये जानेवारीच्या निम्मे.
काचेची कुसळं सगळीकडे:
उशीत, कणकेत, त्याच्या पाठीवर,
एकदा शाळेत फळ्याकडे वळले तर माझ्या मानेत.
गिअरबॉक्स सात महिने जेवणाच्या टेबलावर होता.
पाहुणे आले की त्यावर चादर.

स्मेल्टरवरचा अब्दुर्रहीम, कण्णूरचा,
पाळी सुटली की वेल्डिंगला यायचा.
घरून फोन आला की मास्क कपाळावर सरकवून
तिथेच उकिडवा बसून बोलायचा,
मागे नळ्यांचा सांगाडा लाल, मग काळा.
विकणार कितीला, एवढंच त्याने विचारलं. एकदाच.
रघुवीर हसला. तो पुन्हा मास्क ओढून कामाला लागला.

साडेपाच वर्षं.
दुसऱ्याच्या पिकअपवर दोरांनी बांधून
आम्ही तिला तपासणीला नेलं.
कंपनी कोणती?
मॉडेल कुठल्या सालचं?
चेसिस नंबर?
अधिकारी तरुण होता, पेनाचं टोपण दातात.
बनवणारा देश?
या प्रश्नाला रघुवीरने सगळ्यात जास्त वेळ घेतला.
मी त्याच्या नखांकडे पाहत होते.

अधिकारी दोनदा गाडीभोवती फिरला.
बॉनेटवर बोट फिरवलं, जिथे आम्ही तीनदा घासून
पुन्हा रंग दिला होता, नेमकं तिथेच.
मग टोपी मांडीवर ठेवून आत बसला
आणि बराच वेळ उतरला नाही.
नाही म्हणाला
ते उतरल्यावर.

येताना पिकअपवाल्याने भाडं निम्मंच घेतलं.
आम्ही काही मागितलं नव्हतं.

आता शुक्रवारी पहाटे,
खमीस यांच्या खजुरीच्या बागेमागची वाट.
त्यांची जागा, त्यांची परवानगी,
त्यांच्या नातवाला पहिली फेरी.
मोजून अर्धा किलोमीटर.
तिसऱ्या गिअरला रस्ता संपतो.

मेअखेर रघुवीरचा करार संपेल.
गाडी बोटीवर चढत नाही, कागदावर ती नाहीच.
खमीस म्हणतात, लिंबाखाली राहू दे.
तो काही बोलत नाही,
संध्याकाळी घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करतो.

काल त्याने किल्ली माझ्या हातात दिली.
मला परवाना नाही, म्हटलं.
म्हणाला, तिलाही नाही.
कुशन पाठीशी घेऊन बसले, पाय जेमतेम पोचले
(हे माप माझंच चुकलेलं),
आणि पहिला, दुसरा,
डावीकडे खजुरी, उजवीकडे पाण्याचा पाट,
तो शेजारी हात मांडीवर ठेवून, पहिल्यांदाच प्रवासी,
तिसरा.

वाटेचा शेवट दिसला.
मी ब्रेक जरा उशिराच लावला.