बारा अंशांच्या खाली

पहाटे साडेतीनला फोन थरथरतो.
तिकडे संध्याकाळचे सहा.
पंधरा अंश पस्तीस मिनिटं उत्तर.
वारा पूर्व-ईशान्य, अठरा.
जेवण: भात, टूना. झोपा, बाबा.

मी चष्मा शोधतो, मग पेन्सिल.
फ्रिजवर चिकटवलेल्या नकाशात
डॉमिनिकाच्या वरच्या खाडीत टिंब देतो,
कालच्या टिंबाच्या करंगळीभर खाली.

ओझरला तेहतीस वर्षं विमानांच्या पंखांना रिव्हेट मारले,
एकाही विमानात बसून कुठे गेलो नाही.
वारा पत्र्याशी कसा वागतो ते तळहाताला कळतं.
कापडाशी कसा वागतो
ते शाल्मली गंगापूरच्या बॅकवॉटरला शिकली,
बाराव्या वर्षी, शीड उलटवून,
कानात चिखल घेऊन घरी आली तेव्हा
नलूने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.
माझ्याशी. तिच्याशी नाही.

आता बोट दुसऱ्याची, अडतीस फूट,
आणि विम्याच्या कागदात अट:
एक जूनच्या आत बारा अंशांच्या खाली.
त्याच्या वर सापडलात आणि मोडलात, तर पैसे नाहीत.
मी म्हटलं, तिकडचं वादळ कागद वाचून येतं काय?
तिचं हसू जरा उशिरा पोचलं,
उपग्रहाला वळसा घालून.
मग मी हिशेब केला.
नाशिक वीस अंशांवर.
म्हणजे मी आठ अंश विम्याबाहेर.

दुतोंड्या मारुतीपर्यंत रोज चालत जातो.
पूर आम्ही त्याच्या अंगावर मोजतो,
गुडघा, कंबर, छाती,
पुढे भांडीबाजार आवरायला घ्यायचा.
तिच्याकडे मारुती नाही, काट्याचं यंत्र आहे.
किती झालं? विचारतो.
एक हजार तेरा.
म्हणजे?
म्हणजे पायाच्या नखांपर्यंत कोरडा, बाबा.

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेला वळते.
फाल्गुनात तिथेच नलूला सोडली.
कलश एवढा हलका असेल असं वाटलं नव्हतं.
शाल्मली अँटिग्वाला अडकलेली,
पंपाच्या एका वॉशरची वाट बघत.
आधी रडली, मग म्हणाली,
पाण्यातच सोडलंत ना,
मग मी फार लांब नाही.

दक्षिणेला पाय करून झोपू नये,
जेवायला त्या दिशेला तोंड करून बसू नये,
हे सगळं मी पाळत आलो, न विचारता.
या मे महिन्यात मात्र
कुणाला तरी दक्षिणेला घालवतोय
आणि मनातल्या मनात म्हणतोय,
लवकर गं, लवकर.

मार्टिनिक. सेंट लुशिया.
बेक्विया, तिथे पाणी भरलं, लिंबं घेतली.
कॅरियाकूला सांधा गळत होता,
दोन दिवस गेले.
त्या दोन दिवसांत मी
स्वयंपाकघरातला नळ तीनदा उघडून बसवला.

काल शेजारच्या सोनवणेबाई वाटी परत करायला आल्या.
अहो, वात दक्षिणेला आलीय.
म्हटलं, असू दे,
माझी दोन माणसं त्या अंगाला आहेत.
(शाल्मली इथून खरं तर पश्चिमेला. माहीत आहे.)
बाई काही बोलल्या नाहीत.
वाटीत शेवयांची खीर होती, रिकामी परत करायची नसते म्हणून.

तीस तारीख. बारा अंश तीन मिनिटं.
ग्रेनाडाचं बंदर. दमलोय, इथेच नांगर टाकतोय,
उरलेलं उद्या.
तीन मिनिटं!
मी ओट्यापाशी उभा राहिलो,
म्हशीच्या दुधाची पिशवी तशीच हातात.
कुणी तीन मिनिटांसाठी झोपतं का?
तिची आई झोपली असती.
म्हणाली असती, बंदर आहे, पोरगी दमलीय, तुम्हीच आडवे व्हा.

एकतीस. पुन्हा साडेतीन.
अकरा अंश एकोणसाठ.
एवढंच. जेवणाचंही नाही.

पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.
नखाने खूण केली.